बायबलच्या कॅलेंडरप्रमाणे वर्ष कसं जगायचं: स्वभाव घडायला आणि पारख यायला

लागोपाठ तीन वर्षं वल्हांडणाच्या, म्हणजे ज्यूंच्या पासओव्हर सणाच्या आठवड्यात मी माझ्या वहीत एकच नाव लिहिलं होतं, माझ्या मोठ्या भावाचं. आणि हे मला कळलं तिसऱ्या वर्षी, ते पण मागची पानं सहज चाळली म्हणून. दरवर्षी मला वाटायचं की हे आत्ताचंच आहे, परवा तो काहीतरी बोलला म्हणून मन जड झालंय, दोन दिवसांत जाईल. पण वही उघड सांगत होती की हे तीन वर्षांचं जुनं आहे आणि मी दरवेळी खाली 'प्रार्थना केली' एवढं लिहून पान उलटलंय.

मी बायबलचं कॅलेंडर का धरून ठेवलंय असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच. आपल्याला सुचेल तेव्हा आत्मपरीक्षण करायचं म्हटलं तर आपण सोयीचे प्रश्न सोयीच्या दिवशी विचारतो, ज्या दिवशी मन चांगलं असतं त्या दिवशी उपकारस्तुती आणि ज्या दिवशी रडू येतं त्या दिवशी पश्चात्ताप. कॅलेंडर तुमचा मूड बघत नाही. वेळ आली की तोच प्रश्न परत समोर येतो, आणि तोच प्रश्न चार वर्षं चार वेगळ्या परिस्थितीत समोर आला की आपल्या स्वभावात नक्की काय मुरलंय ते दिसायला लागतं.

आधी कॅलेंडर थोडं समजून घ्या

बायबलचं वर्ष चंद्रावर चालतं. नवा चंद्र दिसला की महिना सुरू, म्हणून महिना २९ किंवा ३० दिवसांचा, आणि बारा महिन्यांचे साधारण ३५४ दिवस होतात, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा जवळपास ११ दिवस कमी. हे असंच सोडलं तर वल्हांडण सरकत सरकत थंडीत जाईल, पण बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात तर आज्ञा आहे की अबीब महिना पाळा, आणि अबीब म्हणजे जवाची कणसं भरत आलेली असतात तो काळ. म्हणून दर १९ वर्षांत ७ वेळा अदार हा शेवटचा महिना दोनदा धरला जातो आणि गाडी परत शेताच्या वेळेवर येते. दिवस संध्याकाळी सुरू होतो हेही लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्या वर्षी सगळं एक दिवस उशिरा कराल, मी केलंय.

शेताशी हे कॅलेंडर किती घट्ट बांधलेलं आहे ते बघायचं असेल तर गेजेरचा दगड आठवा. १९०८ मध्ये गेजेर ह्या प्राचीन इस्राएलातल्या शहराच्या उत्खननात चुनखडीची एक छोटी पाटी सापडली, ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकाच्या आसपासची, सध्या इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. त्यावर वर्ष कसं मोजलंय तर दोन महिने पीक गोळा करायचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवस उपटायचा, एक जव कापायचा, एक कापणी आणि मोजणीचा, दोन द्राक्षवेलींच्या छाटणीचे, एक उन्हाळी फळांचा. झाले बारा. महिन्याला नाव नाही, काम आहे. ती पाटी बघितल्यापासून मी प्रत्येक महिन्याला 'तारीख काय' च्या आधी 'काम काय' विचारायला लागले, आणि खरं सांगते, पारख म्हणजे निम्मं तेच आहे, आत्ता पेरायची वेळ आहे का कापायची का नुसतं थांबायची हे ओळखणं. बायबलमधल्या पहिल्या इतिहास पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात इस्साखार वंशाच्या लोकांची ओळखच अशी दिली आहे की त्यांना काळाची जाण होती आणि इस्राएलाने काय करावं ते कळत होतं.

आणि एक गोष्ट आधीच साफ बोलते. ख्रिस्ती माणसाला हे सण पाळल्याशिवाय तारण नाही असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. प्रेषित पौल कलस्सैकरांना लिहितो की सण, अमावास्या, शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस) ह्यावरून कोणी तुमचा न्याय करू नये, ह्या गोष्टी पुढे येणाऱ्याची छाया आहेत आणि शरीर ख्रिस्ताचं आहे. रोमकरांच्या १४ व्या अध्यायातही प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी असंच म्हटलंय. तेव्हा हे शिस्त म्हणून घ्या, ओझं म्हणून नको. आणि हे सण आजही ज्यू लोकांचे जिवंत सण आहेत, त्यांच्या घरातले विधी उचलून आपल्याकडे हौस म्हणून मांडू नका. त्यांच्याकडून शिका, मान ठेवून.

तयारी: एक वही, एक दिवस, एक चंद्र

वही साधी चालेल पण कागदाची घ्या, मोबाईलमध्ये लिहिलेलं आपण मागे जाऊन वाचत नाही हा माझा अनुभव. प्रत्येक सणाला दोन पानं, आणि दरवर्षी त्याच सणासाठी नवी दोन पानं मागच्या वर्षीच्या शेजारी जोडायची, म्हणून मी फाइलमध्ये सुटे कागद लावते. हे जोडणंच महत्त्वाचं आहे, कारण नव्या वर्षी नवी वही घेतली की जुनी कपाटात जाते आणि तिच्याबरोबर जुना हिशेबही जातो.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा २३ वा अध्याय उघडून बघा, सणांची यादी वल्हांडणाने सुरू होत नाही, शब्बाथाने होते. आठवड्याचा एक दिवस थांबता येत नसेल तर वर्षाचे सण नुसते कार्यक्रम होतात. सुरुवातीला पूर्ण दिवस जमत नसेल तर संध्याकाळ ते संध्याकाळ मधले जेवढे तास खरोखर देता येतील तेवढे द्या, पण ते ठरलेले असू देत, उरलेले नकोत. आणि दर नव्या चंद्राला अर्धा तास, गेल्या महिन्यात मी कुठे घाई केली आणि कुठे उगाच टाळलं, एवढे दोनच प्रश्न. जास्त प्रश्न लिहिले की तिसऱ्या महिन्यात सुटतं.

वसंत: खमीर शोधायचा आठवडा

निसान महिना, म्हणजे वरचाच अबीब, मार्च-एप्रिलच्या सुमारास. निर्गम १२ मध्ये बघा, वल्हांडणाचं कोकरू १० तारखेला निवडायचं आणि १४ तारखेला संध्याकाळी कापायचं. मधले चार दिवस ते घरात. ह्या चार दिवसांकडे सहसा कोणी बघत नाही. दोष नसलेलं कोकरू हवं म्हणून ते नजरेखाली असायचं, आणि त्या चार दिवसांत घरातल्या पोरांना त्याचा लळाही लागत असेल. मी हे चार दिवस फक्त शुभवर्तमानातले येशूचे शेवटचे दिवस वाचण्यात घालवते, मंदिरात त्याला एकापाठोपाठ एक प्रश्न विचारतात, कराबद्दल, पुनरुत्थानाबद्दल, मोठ्या आज्ञेबद्दल, आणि कोणालाच त्याच्यात दोष सापडत नाही. पारख शिकायची तर आधी अस्सल वस्तू जवळून बघावी लागते.

मग बेखमीर भाकरीचे सात दिवस, घरात खमीर, म्हणजे पीठ आंबवायचं यीस्ट, अजिबात नको. ज्यू घरांमध्ये आदल्या रात्री मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा घेऊन खमीर शोधतात, कोपरान् कोपरा, आणि मुद्दाम भाकरीचे दहा तुकडे आधी लपवून ठेवायची रीतही आहे, म्हणजे शोधणाऱ्याला काहीतरी सापडतंच. मी पहिल्या वर्षी नुसतं कपाट आवरायचं म्हणून सुरू केलं. मागच्या बाजूला, डब्यांच्या रांगेच्या आड, यीस्टचं एक पाकीट निघालं, तोंडाला रबर लावलेलं, तारीख कधीच उलटून गेलेली. मला ते तिथे आहे हेच माहीत नव्हतं, पण रबर तर मीच लावलं होतं, म्हणजे कधीतरी परत लागेल म्हणून जपून ठेवलं होतं. ते हातात धरून मी तिथेच खाली बसले, कारण त्याच आठवड्यात मी वहीत भावाचं नाव लिहिलेलं होतं.

तर करायचं काय. सात दिवस रोज एक जागा शोधा. पौलाने पहिल्या करिंथ ५ मध्ये जुन्या खमिराला वाईटपणा आणि दुष्टपणा म्हटलंय आणि बेखमीर भाकरीला सात्त्विकपणा आणि खरेपणा. येशूने परूश्यांच्या, म्हणजे त्या काळच्या एका कडक ज्यू पंथाच्या, खमिराला ढोंग म्हटलं. म्हणून मी जागा अशा घेते: बोलणं, पैसा, जुने राग, मोबाईल, घरातल्यांशी वागणं, मंडळीतलं वागणं, आणि सातव्या दिवशी माझी प्रार्थना, कारण ढोंग तिथेच जास्त मुरतं. एका जागेला एकच गोष्ट लिहा, तीही नेमकी. 'मला राग येतो' असं लिहू नका, 'परवा मी अमक्याचा फोन मुद्दाम उचलला नाही' असं लिहा. मोघम लिहिलेलं पाप कोणालाच टोचत नाही.

ह्याच आठवड्यात पहिली पेंढी येते, जवाची, आणि लेवीय २३:१४ म्हणतं की ती परमेश्वरापुढे आणेपर्यंत नवं धान्य भाजून सुद्धा खायचं नाही. पीक उभं आहे, पिकलेलं आहे, भूक आहे, आणि तरी हात आवरायचा. ह्याची साधी प्रॅक्टिस म्हणजे नवीन काहीही हातात आलं, पगारवाढ असो, नवी संधी असो, मोकळा वेळ असो, त्यातला पहिला भाग आधी देवापुढे ठेवायचा आणि मग बाकीच्याचे बेत करायचे.

पन्नास दिवस मोजायचे

माझ्या मते स्वभाव घडतो तो इथे, आणि नेमका हाच भाग लोक सोडून देतात कारण ह्यात सणासारखं काही नाही. पेंढीच्या दिवसापासून सात आठवडे मोजायचे, एकोणपन्नास दिवस, आणि पन्नासावा दिवस सप्ताहांचा सण, म्हणजे पेंटेकॉस्ट. मोजणी नक्की कुठून धरायची ह्यावर जुना वाद आहे, परूशी १६ निसानपासून मोजायचे आणि सदूकी हा दुसरा पंथ आठवड्यातल्या शब्बाथानंतरच्या रविवारपासून. तुम्ही एक धरा आणि वर्षभर त्यावरच राहा.

ह्या मोजणीला ओमेर म्हणतात, आणि ओमेर हे धान्याचं माप आहे, एफाचा दहावा भाग. हेच माप निर्गम १६ मध्ये मान्नाला, म्हणजे रानात देवाने दिलेल्या अन्नाला, येतं, प्रत्येकी एक ओमेर, रोजच्या रोज, उद्यासाठी ठेवलं की किडे. आणि मान्ना सुरू झाला तोही ह्याच दिवसांत, मिसरातून निघाल्यावर दुसऱ्या महिन्यात. म्हणून मी ह्या पन्नास दिवसांत एक दिवस एक माप असंच धरते: रोज रात्री आकडा मोठ्याने म्हणायचा, 'आज तेविसावा दिवस, तीन आठवडे आणि दोन दिवस', आणि खाली एक ओळ लिहायची, आज देवाने मला पुरेल एवढं काय दिलं. एकच ओळ. ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी आकडा लिहून झोपायचं.

तेराव्या-चौदाव्या दिवशी कंटाळा येतो. पंचविसाव्याच्या आसपास वाटतं की ह्याने काय होतंय. मी एका वर्षी एकतिसावा दिवस पूर्ण विसरले, दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना आठवलं आणि इतकं वाईट वाटलं की सगळंच सोडून द्यावं असं झालं. ज्यू परंपरेत एक दिवस अख्खा चुकला तर मोजणीच्या आधीचा आशीर्वाद म्हणत नाहीत पण मोजणं चालू ठेवतात, हे मला तेव्हा कळलं आणि फार मोठा आधार वाटला. चुकलेला आकडा चुकलेलाच राहतो, पण आजचा आकडा म्हणायचा. ह्या एका सवयीने मला बाकीच्या आयुष्यात जेवढा टिकाऊपणा दिलाय तेवढा कुठल्या शिबिराने दिला नाही. स्तोत्र ९० मधली मागणी बघा ना, आमचे दिवस मोजायला शिकव म्हणजे आम्हाला सुज्ञ अंतःकरण मिळेल. मोजणं आधी, सुज्ञपणा नंतर.

पन्नासाव्या दिवशी गव्हाच्या दोन भाकरी आणायच्या, आणि त्या खमीर घातलेल्या. सात आठवड्यांपूर्वी जे घरात सुद्धा नको होतं ते आता देवापुढे. ह्यावर मी फार विचार करते. प्रत्येक फुगणारी गोष्ट पाप असते असं नाही, वाढणं कधी योग्य आणि कधी नाही हे ऋतूवरून ठरतं, आणि एकच नियम सगळीकडे लावणारा माणूस कडक असेल पण त्याला पारख आहेच असं नाही. त्याच अध्यायात लगेच २२ व्या वचनात शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायची आज्ञा येते, सणांच्या यादीच्या अगदी मध्ये. म्हणून ह्या सणाला रूथचं पुस्तक वाचतात, ती बेथलेहेमात आली जवाच्या कापणीच्या सुरुवातीला आणि गव्हाची कापणी संपेपर्यंत सरवा वेचत राहिली. वाचून झालं की स्वतःला विचारा, माझ्या शेताची कड कुठे आहे आणि तिथून कोण वेचतंय. उत्तर 'कोणी नाही' असेल तर पुढच्या आठवड्यात काहीतरी मोकळं सोडा, वेळ, पैसा, ओळख, जे असेल ते.

कोरडे महिने

पेंटेकॉस्टनंतर सातव्या महिन्यापर्यंत मोशेच्या नियमशास्त्रात एकही वार्षिक सण नाही. इस्राएल देशात मे ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नसतोच. परंपरा सोन्याच्या वासराचा प्रसंग इथे ठेवते, तम्मूझ ह्या चौथ्या महिन्याच्या १७ तारखेला, आणि निर्गम ३२ चं पहिलंच वाक्य वाचा, मोशेला डोंगरावरून यायला उशीर होतोय असं लोकांनी पाहिलं. वासरू घडलं ते उशिरामुळे. देवाचा आवाज ऐकून चाळीस दिवससुद्धा झाले नव्हते आणि तरी गप्प बसवलं नाही.

तेव्हा ह्या दिवसांत एकच काम, उशीर झाला की मी कुठलं वासरू घडवते ते शोधणं. उत्तर आलं नाही की मी दहा जणांना सल्ला विचारत सुटते, हे माझं वासरू, मला आता माहीत आहे. तुमचं वेगळं असेल. त्यानंतरच्या आव महिन्याच्या ९ तारखेला यरुशलेमचं मंदिर पडल्याचा उपास असतो, परंपरेने ख्रिस्तपूर्व ५८६ चं आणि इसवी सन ७० चं दोन्ही, त्या दिवशी विलापगीत पूर्ण वाचा, पाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. दुःखाला घाईने उत्तर द्यायचं नाही हे शिकायला ह्याच्याएवढं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

सातवा महिना, आणि त्याच्या आधीचा एलूल

एलूल महिनाभर ज्यूंच्या सभास्थानात सकाळी शिंग फुंकतात, शब्बाथ सोडून, आणि पुष्कळ ठिकाणी स्तोत्र २७ म्हणतात. मग सातव्या महिन्याच्या, म्हणजे तिश्रीच्या, १ तारखेला कर्ण्यांचा सण, १० तारखेला प्रायश्चित्ताचा दिवस. एलूलच्या सुरुवातीपासून जवळपास चाळीस दिवस होतात. ह्या चाळीस दिवसांत माणसांशी हिशेब पुरा करायचा. मिश्नामध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात, अगदी स्पष्ट आहे की माणूस आणि देव ह्यांच्यातल्या पापांसाठी प्रायश्चित्ताचा दिवस आहे, पण माणूस आणि माणूस ह्यांच्यातलं पाप तो दिवस फेडत नाही, जोवर समोरच्याची समजूत घातलेली नाही तोवर. येशूनेही तेच सांगितलं, अर्पण वेदीजवळ ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर.

तिसऱ्या वर्षी मी ते नाव वल्हांडणाच्या पानावरून एलूलच्या पानावर उतरवलं. आमचं झालं होतं ते वडिलांच्या आजारपणात, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, मी सगळ्यांसमोर त्याला म्हणाले होते की तुला फक्त पाहुण्यासारखं येऊन जायचं असतं. आता काय बोलायचं ते मी कागदावर लिहून काढलं. पहिला मसुदा असा होता, 'दादा, मी बोलले ते चुकलंच, पण तू पण जरा…'. खोडला. दुसऱ्यात 'पण' गेला आणि 'तेव्हा मी खूप थकले होते' आलं. तोही खोडला. चौथ्या वेळी उरलं ते एवढंच, 'दादा, त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर पाहुणा म्हणाले, ते खोटं होतं आणि वाईट होतं, मला माफ कर.' फोन लावला, वाचून दाखवलं, हो, कागद बघून वाचलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "जेवलीस का?" आणि आम्ही दोघं वडिलांबद्दल बोलत राहिलो.

म्हणून माझी सूचना, माफी आधी लिहा आणि त्यातला 'पण' काढा, कारण सगळं खमीर त्या एका शब्दात असतं. आणि मायमोनिदेस ह्या मध्ययुगीन ज्यू विद्वानाने खऱ्या पश्चात्तापाची जी खूण सांगितली आहे ती वहीत पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवा: तोच प्रसंग परत येतो, तेच करायची ताकद हातात असते, आणि माणूस ते करत नाही. गेल्या वर्षी घरातल्या एका बैठकीत तेच वाक्य माझ्या जिभेवर आलं, शब्दान् शब्द तेच. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि हळूहळू पूर्ण प्यायले. त्या रात्री एलूलच्या पानावर फक्त तारीख घातली.

प्रायश्चित्ताच्या दिवशी लेवीय १६ वाचा, दुपारी योना. उपास तब्येतीला झेपेल तसाच करा, औषधं चालू असतील, गरोदर असाल तर करू नका, जीवाला त्रास देऊन मिळवायचं असं त्यात काही नाही.

आणि मग फक्त पाच दिवसांनी, १५ तारखेला, मांडवांचा सण. द्राक्षं आलीत, जैतून आलीत, कोठार भरलंय, वर्षातला सगळ्यात श्रीमंत आठवडा, आणि त्याच आठवड्यात पक्कं घर सोडून डहाळ्यांच्या मांडवात राहायचं, ज्याच्या छतातून तारे दिसले पाहिजेत. अनुवाद ८ मध्ये देवाने भीती हीच सांगितली आहे, की खाऊन तृप्त झालास, चांगली घरं बांधलीस, की तुझं मन चढेल आणि तू मला विसरशील. नहेम्या ८ मध्ये लोकांनी घरांच्या धाब्यांवर, अंगणात मांडव घातले आणि रोज नियमशास्त्र वाचलं. आपल्याला मांडव घालता आला नाही तरी सात दिवस रोज थोडा वेळ उघड्यावर बसून वाचता येतं, उपदेशक वाचा, आणि रोज एक गोष्ट लिहा जी मला 'माझी पक्की' वाटते पण उद्या नसू शकते. तिसऱ्या दिवसानंतर हात अडखळतो, तिथेच थांबून प्रार्थना करा.

ह्याच सणाची एक नक्कल बायबलमध्ये आहे आणि पारखीसाठी ती मला सगळ्यात उपयोगी वाटते. पहिले राजे १२. यराबाम राजाने इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यात सण ठरवला, पंधरावाच दिवस, यहूदातल्या सणासारखाच, वेदी, याजक, यज्ञ सगळं होतं, पण महिना सातव्याऐवजी आठवा. आणि तिथे शब्द आहेत की तो महिना त्याने आपल्याच मनाने ठरवला होता. कारणही दिलंय, लोक यरुशलेमेला गेले तर राज्य हातातून जाईल ही भीती. चुकीची गोष्ट दिसायला बहुतेक वेळा अशीच असते, एकच महिना सरकवलेली. म्हणून कुठलीही शिकवण, कुठलाही पुढारी, किंवा माझाच एखादा बेत तपासताना मी दोन प्रश्न विचारते, ह्यात काय सरकवलंय, आणि सरकवल्याने कोणाची भीती शांत होतेय.

थंडीचे दोन दिवे

हे दोन्ही सण मोशेच्या नियमशास्त्रातले नाहीत, नंतरच्या इतिहासातून आलेले आहेत. किसलेवच्या २५ तारखेला पुनःस्थापनेचा सण, हनुक्का, जो योहान १० मध्ये येतो, हिवाळा होता आणि येशू मंदिरात फिरत होता. ख्रिस्तपूर्व १६४ मध्ये यहूदा मक्काबी हा ज्यू पुढारी आणि त्याच्या माणसांनी विटाळलेलं मंदिर शुद्ध केलं. तेव्हा एक अडचण आली, विटाळलेल्या वेदीच्या दगडांचं काय करायचं. टाकून द्यावेत तर ते एकेकाळी पवित्र होते, वापरावेत तर विटाळलेले. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात लिहिलंय की त्यांनी ते दगड काढून मंदिराच्या डोंगरावर एका योग्य जागी ठेवले, एखादा संदेष्टा येऊन काय करायचं ते सांगेपर्यंत. नवी वेदी बांधली, काम पुढे चालू ठेवलं, आणि जे कळत नव्हतं ते तसंच ठेवलं. माझ्या फाइलमध्ये मागे एक पान आहे, वर लिहिलंय 'दगड'. ज्याचा निर्णय अजून होत नाही ते तिथे जातं, आणि हनुक्काच्या आठ संध्याकाळी मी ते पान वाचते. काही दगडांना उत्तर मिळालेलं असतं, काही अजून तिथेच आहेत, दोन तर पाच वर्षं झाली.

अदारच्या १४ तारखेला पुरीम, एस्तेरचं पुस्तक एका दमात वाचा. त्यात देवाचं नाव एकदाही नाही. तीन दिवस उपास करून एस्तेर राजापुढे जाते, राजा विचारतो काय हवंय, आणि ती पहिल्या मेजवानीत मागतच नाही, उद्या परत या म्हणते. त्या मधल्या रात्री राजाला झोप येत नाही आणि सगळं फिरतं. बरोबर गोष्ट बोलायची वेळ कधी हे मी तिच्याकडून शिकतेय, हळूहळू. त्या दिवशी एकमेकांना ताटं पाठवायची आणि गरिबांना दान द्यायचं हे त्याच पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात आहे, तेवढं नक्की करा.

मध्येच सुटलं तर

सुटणारच. गणना ९ मध्ये काही माणसं मोशेकडे आली, प्रेताला शिवल्यामुळे त्यांना वल्हांडण करता आला नव्हता, आणि त्यांनी विचारलं की आम्हीच का मागे राहायचं. मोशेने लगेच उत्तर दिलं नाही, म्हणाला थांबा, परमेश्वर काय सांगतो ते ऐकतो. आणि उत्तर आलं, दुसऱ्या महिन्याच्या १४ तारखेला करा, अशुद्ध असाल किंवा लांबच्या प्रवासात असाल तरी. पुढे यहूदाचा राजा हिज्कीया ह्याच्या वेळी मोठ्या समुदायाने तो दुसऱ्या महिन्यातला वल्हांडण केला. गंमत म्हणजे यराबामाने पण महिना बदलला आणि हिज्कीयाने पण, पण हिज्कीयाने विचारून आणि यराबामाने भीतीपोटी, म्हणून सरकवलेला महिना बघितला की लगेच शिक्का मारू नका, विचारलं होतं का ते बघा.

सुरुवात करायला निसानची वाट बघू नका. आज ज्यू कॅलेंडरवर कुठला महिना चालू आहे ते मोबाईलवर बघा, त्याच्या पानावर त्या महिन्याचं काम एका ओळीत लिहा, पुढच्या नव्या चंद्राचा रिमाइंडर लावा, आणि फाइलच्या शेवटी 'दगड' म्हणून एक कोरं पान ठेवा.